जॅकी चॅन : पडणाऱ्या माणसाचा सिनेमा

मालेगावच्या आमच्या मोहल्ल्यात एक व्हिडिओ हॉल होता. हॉल म्हणायचे ते सवयीने. खरे तर पत्र्याची एक लांबट खोली, पुढे टीव्ही, मागे बाकडी. शुक्रवारी यंत्रमाग बंद असत आणि आठवड्याचा पगार खिशात असे. जुम्याची नमाज झाली, जेवणे झाली की ती खोली भरून जाई. तेथे आम्ही ‘आर्मर ऑफ गॉड’ पाहिला. संवाद कोणालाच कळत नव्हते आणि त्यावाचून कोणाचे अडतही नव्हते. चित्रपट संपला, नावांची अक्षरे वर सरकू लागली. एरवी याच क्षणी लोक चपला शोधू लागत. त्या दिवशी मात्र कोणी उठले नाही, कारण अक्षरांच्या बाजूला दुसरेच काही दिसू लागले होते. मघाशी झाडावर सहज उडी घेणारा तो नायक आता झाडावरून खाली कोसळत होता. माणसे धावत होती. त्याला उचलून नेत होती. डोक्याजवळ रक्त होते आणि ते रंगाचे नव्हते.

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतील एक वयस्कर विणकर बसले होते. मागावरून उडालेला धोटा एकदा त्यांच्या कपाळाला लागला होता, त्याची खूण होती. ते हसले नाहीत. हा पोरगा पुढे वाचला का, एवढेच त्यांनी मला विचारले. मला ठाऊक नव्हते. चित्रपटात कोण जिंकले ते मी आज विसरलो आहे, तो प्रश्न विसरलेलो नाही.

साहित्याच्या वार्षिकात मारधाडपटातील नटावर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आपल्याकडे समीक्षेने या प्रकाराकडे कधी वळून पाहिले नाही. ‘मारधाड’ हा शब्द उच्चारला की विषय संपतो. पण आपल्या श्रमिक वस्त्यांतील दोन पिढ्यांनी पडद्यावर सर्वांत अधिक जे पाहिले ते हेच असेल, तर त्यात त्यांना काय दिसले हे विचारणे समीक्षेचेच काम आहे. जॅकी चॅनच्या चित्रपटांत त्यांना दुखणारे शरीर दिसले, असे मला वाटते. नायकाला लागते, तो घाबरतो, हात झटकतो, पळतो, आणि तरीही काम पुरे करतो. ही गोष्ट नवी होती. ती कोठून आली आणि पुढे तिचे काय झाले, याचा हा थोडा धांडोळा.

जॅकीचा जन्म 7 एप्रिल 1954 रोजी हाँगकाँगमध्ये झाला. मूळ नाव चॅन काँग-सँग. आईवडील फ्रेंच वकिलातीच्या अधिकाऱ्याकडे कामाला. वडील स्वयंपाकी, आई घरकाम पाहणारी. मोठ्या माणसाच्या बंगल्याच्या मागील अंगाला राहणारे हे कुटुंब. पुढे वडिलांना ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अमेरिकन वकिलातीत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली आणि शाळेत न रमणारा हा मुलगा यू जिम-युएन या उस्तादाच्या चायना ड्रामा अकॅडमीत दाखल झाला. दहा वर्षांचा करार झाला. पेकिंग ऑपेरा शिकवणारी ही निवासी शाळा. गाणे, अभिनय, तलवार, काठी, कोलांट्या, हातांवर उभे राहणे, सगळे एकाच छपराखाली. शिक्षण पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि चुकीला वेताची छडी. अक्षरओळख मात्र नावापुरती. ही खंत त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवली आहे.

या शाळेतील मुलांना उस्तादाच्या नावातील ‘युएन’ हे अक्षर मिळे. जॅकी तेथे युएन लो होता. युएन बियाओ, युएन वा, कोरी युएन यांनी ते अक्षर आयुष्यभर जपले. आपल्याकडील घराण्यांची आठवण व्हावी अशी ही पद्धत आहे. सर्वांत थोरला शागीर्द सॅमो हुंग. याच सॅमोने 1988 च्या ‘पेंटेड फेसेस’ या चित्रपटात आपल्या उस्तादाची भूमिका केली. ज्याने मारले त्याचीच भूमिका मार खाणाऱ्याने करावी, यात कृतज्ञता किती आणि हिशेब चुकता करणे किती, हे सांगणे कठीण आहे. तो चित्रपट उस्तादाविषयी ममतेने बोलतो. आपणही उस्ताद-शागीर्द परंपरेविषयी बोलताना असेच हळवे होतो. पण त्या छडीखाली किती मुलांची शरीरे कामाची झाली आणि किती कामातून गेली याची नोंद कोठेच नसते. जी मुले पुढे नावारूपाला आली तीच बोलतात आणि त्यांना ती छडी गोड लागते. जॅकीच्या कलेचे कौतुक करतानाही हे विसरू नये.

शिकून बाहेर पडेपर्यंत ऑपेराचा बाजार बसला होता. हाँगकाँगचा प्रेक्षक सिनेमाकडे गेला होता. आपल्याकडे तमाशाच्या फडांचे पुढे जे झाले तेच तेथे झाले. उरला तो हुनर. कोलांट्या मारणारी ही मुले स्टुडिओच्या दारात रोजंदारीवर उभी राहिली. पडायचे, काच फोडायची, नायकाची लाथ खाऊन भिंतीवर आदळायचे. ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (1972) मध्ये शेवटी खलनायक लाथेसरशी तावदाने फोडून बाहेर फेकला जातो, ते शरीर जॅकीचे होते. ‘एंटर द ड्रॅगन’ (1973) मध्ये ब्रूस ली एका पहारेकऱ्याचे केस धरून त्याची मान मोडतो. तो पहारेकरीही जॅकीच. ज्याला जगाने पुढे नायक म्हणून पाहिले त्याने पडद्यावर प्रथम मरून दाखवले आहे. दुसऱ्याच्या विजयासाठी पडण्याचा हा अनुभव त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया आहे.

20 जुलै 1973 रोजी ब्रूस ली वारला. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी दुसरा ब्रूस ली शोधायला सुरुवात केली. नावे बदलून, केस तसेच कापून, तशीच आरोळी ठोकणारी माणसे उभी केली गेली. मधल्या काळात काम मिळेना म्हणून जॅकी आईवडिलांकडे कॅनबेराला गेला आणि बांधकामावर राबला. ‘जॅकी’ हे नाव त्याला तेथेच पडले. 1976 मध्ये दिग्दर्शक लो वेई याने त्याला ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’साठी बोलावून घेतले आणि ब्रूस लीच्या जागी उभे केले. चित्रपट चालला नाही. त्यानंतरचेही चालले नाहीत. कारण उघड होते. ब्रूस ली हा संतापाचा नट होता. अपमान झालेल्या माणसाचा संताप त्याच्या डोळ्यांतून येई आणि तो खरा वाटे. जॅकीचा चेहरा मोठ्या नाकाचा, हसरा, थोडा भित्रा. या चेहऱ्यावर सूडाची मुद्रा चिकटवली की ती मुखवट्यासारखी दिसे.

1978 मध्ये लो वेईने त्याला दुसऱ्या कंपनीला उसना दिला. उसने दिलेल्या नटाकडून कोणाची फार अपेक्षा नसते, आणि म्हणूनच बहुधा तेथे मोकळीक मिळाली. युएन वू-पिंग या दिग्दर्शकाने एकाच वर्षात ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ असे दोन चित्रपट केले आणि जॅकी चॅन जन्माला आला. ‘ड्रंकन मास्टर’चा नायक वाँग फेई-हुंग ही दक्षिण चीनमधील खरी ऐतिहासिक व्यक्ती, वैद्य आणि कुंग-फूचा गुरू. क्वान तक-हिंग या नटाने अनेक वर्षे, अनेक चित्रपटांतून त्याला धीरगंभीर, नीतिमान गुरुजी म्हणून उभे केले होते. जॅकीने त्याच पुरुषाचे तरुणपण उनाड करून टाकले. फुकट जेवायला बसणारा, बापाला चकवणारा, व्यायाम टाळणारा पोरगा. त्याला वठणीवर आणणारा म्हातारा दारुडा उस्ताद रंगवला दिग्दर्शकाच्याच वडिलांनी, युएन सिउ-तिएन यांनी.

या चित्रपटातील शिक्षणाचे प्रसंग पुन्हा पाहण्यासारखे आहेत. मुलगा उलटा टांगलेला आहे, कण्हतो आहे, संधी मिळताच फसवतो आहे. अकॅडमीतील ती पहाट येथे विनोद होऊन आली आहे. आठ मदिरामग्न सिद्धांच्या आठ पद्धती उस्ताद शिकवतो. त्यांतील एक स्त्री आहे. तिची नजाकत बायकी म्हणून मुलगा ती शिकतच नाही. शेवटच्या लढतीत सात पद्धती संपतात आणि जगायचे असेल तर तीच आठवी हवी असते. मग तो तेथल्या तेथे लचकत, मुरकत, आरशात पाहिल्यासारखे करत स्वतःची एक पद्धत रचतो आणि जिंकतो. मर्दपणाच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या या साऱ्या चित्रप्रकाराची अशी थट्टा त्याच प्रकाराच्या पोटातून व्हावी, ही लहान गोष्ट नाही. जॅकीने पुढे अनेकदा सांगितले आहे की ब्रूस ली उंच लाथ मारी तर आपण खाली मारायची, तो मारल्यावर ताठ उभा राही तर आपण मारल्यावर हात दुखला असे दाखवायचे, असे त्याने ठरवून केले.

हात दुखला असे दाखवणे. एवढ्या साध्या गोष्टीत एक सबंध विचार आहे. पडद्यावरच्या नायकाचा देह हा राजाचा देह असतो. त्याला लागत नाही. लागले तरी रक्ताची एक रेघ ओठाच्या कडेला, शोभेपुरती. आपल्या हिंदी चित्रपटात तर ‘ढिशुम’ हा आवाज झाला की काम भागते. ज्याला लागते तो नेहमी दुसरा असतो. नाव नसलेला, पाठमोरा, दिवसाच्या मजुरीवर आलेला. जॅकीने त्या दुसऱ्याचा देह नायकाला दिला. मार खाण्याचे काम करून वर आलेला माणूसच हे करू शकत होता. ‘द यंग मास्टर’ (1980) मधील शेवटची लढत पाहावी. ह्वांग इन-शिक या कसलेल्या कोरियन लढवय्यासमोर नायक कितीतरी वेळ केवळ मार खात राहतो. पाहवत नाही, आणि तरी डोळे हटत नाहीत.

त्याच्या लढतींची बांधणीही ऑपेराच्या मुशीतली आहे. पेकिंग ऑपेराच्या रंगमंचावर एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात. तेवढ्यातच डोंगर, भिंत, विहीर, सिंहासन सारे होते. दहा वर्षे ज्याने खुर्चीला डोंगर मानून उड्या मारल्या त्याला खुर्ची ही बसण्याची वस्तू वाटेनाशी झाली तर नवल नाही. जॅकीच्या चित्रपटांत शिडी, सायकल, छत्री, बाकडे, कपडे वाळत घालायची काठी, काहीही लढते. ‘फर्स्ट स्ट्राइक’ (1996) मधील शिडीची लढत हा त्याचा नमुना. ही शस्त्रे घरातली, दुकानातली आहेत. तलवार उपसण्याचा मान ज्याला कधी मिळाला नाही त्याच्या हाताशी जे असते ते. आणि लय पाहा. प्रहार, प्रहार, मग क्षणभर थांबणे, मग पुन्हा. ऑपेराच्या तालवाद्यांवर घोटलेली ही लय आहे. ढोलकीच्या तोड्यावर पाय थबकतो तसे ते थांबणे. आमच्याकडे मोहर्रमच्या आखाड्यात लाठी-बनेटी फिरवणारे जुने खेळाडू याच थांबण्याला दाद देत असत; नुसत्या वेगाला नाही.

दुसरे ऋण मूकपटांचे. ‘प्रोजेक्ट ए’ (1983) मध्ये जॅकी घड्याळाच्या मनोऱ्याच्या काट्याला लोंबकळतो आणि दोन कापडी छपरे फाडत जमिनीवर येतो. काट्याला लोंबकळणे हॅरोल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट’ (1923) मधले. ‘प्रोजेक्ट ए’च्या दुसऱ्या भागात (1987) अंगावर कोसळणारी भिंत बस्टर कीटनच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ (1928) मधली. पण लॉइड खाली पडत नाही. जॅकी पडतो, आणि चित्रपट ते पडणे लगेच पुन्हा एकदा दाखवतो. तो क्षण कथेचा राहत नाही. कथेतला शिपाई बाजूला राहतो आणि पडणारा मजूर दिसतो. शुद्ध कथेच्या आग्रही समीक्षकाला हा दोष वाटेल. मला ती प्रामाणिक कबुली वाटते.

‘पोलीस स्टोरी’ (1985) हा त्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट. हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. शेवटी दुकानांच्या भव्य संकुलात काचेची कपाटे एकामागून एक फुटतात, इतकी की स्टंट करणारी मंडळी या चित्रपटाला ‘ग्लास स्टोरी’ म्हणत. मग जॅकी वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावर झेप घेतो आणि ठिणग्यांतून घसरत तळाला येतो. हात भाजले, कंबरेच्या हाडाला इजा झाली. ही झेप चित्रपट तीनदा दाखवतो. सारे खरे आणि सारे थक्क करणारे. तरीही या चित्रपटाच्या आरंभीचा प्रसंग मला दरवेळी अस्वस्थ करतो. डोंगरउतारावर झोपडपट्टी आहे. गुन्हेगारांच्या मोटारी आणि मागे पोलिसाची मोटार त्या झोपड्यांतून सरळ खाली उतरतात. पत्रे उडतात, भिंती पडतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. पण त्या घरांत राहणाऱ्यांचे पुढे काय झाले, याकडे कॅमेरा एकदाही मागे वळून पाहत नाही. नायकाला खरचटले तरी तीनदा दाखवणारा सिनेमा गरिबाचे घर पडताना एक क्षणही थांबत नाही. ज्यांनी आपल्या वस्तीवर कधी बुलडोझर आलेला पाहिला आहे त्यांना हे खुपल्याशिवाय राहणार नाही. शेवटी कायदा हतबल म्हणून पोलीस अधिकारी स्वतःच गुन्हेगाराला आणि त्याच्या वकिलालाही बडवतो, तेथेही टाळ्या पडतात. त्या टाळ्यांचीही मला भीती वाटते. मॅगी च्युंगसारख्या पुढे थोर ठरलेल्या नटीच्या वाट्याला या चित्रपटात फारसे काही आलेले नाही, हे जाता जाता.

आता पुन्हा त्या व्हिडिओ हॉलमधल्या शेवटाकडे येतो. चित्रपटाच्या अखेरीस चुका आणि अपघात दाखवण्याची कल्पना जॅकीला ‘कॅननबॉल रन’ (1981) या अमेरिकन चित्रपटात काम करताना मिळाली. तेथे नट संवाद विसरतात, हसतात, एवढेच होते. 1982 च्या ‘ड्रॅगन लॉर्ड’पासून जॅकीने ती उचलली आणि तिचा अर्थच पालटला. येथे माणसे जायबंदी होतात. मान धरून बसतात. पुन्हा उभी राहून तेच करतात. पडद्यावर दिसलेल्या एका सुबक क्षणामागे किती वेळा पडणे आहे याचा तो ताळेबंद होता. कोणत्याही कारखान्याच्या मालावर मजुराच्या बोटाचे रक्त दिसत नाही. धुऊन, घडी घालून माल बाजारात जातो. जॅकीने माल आणि रक्त एकत्र दाखवले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांना ही भाषा कोणी समजावून द्यावी लागली नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रक्त दाखवणे हीच पुढे जाहिरात झाली. ‘स्वतःचे सारे स्टंट स्वतः करणारा’ असे त्याच्या नावाभोवती वलय उभे राहिले. काही ठिकाणी त्याच्याऐवजी दुसरे देह वापरले गेले होते, हे पुढे उघड झाले. त्यात गैर काही नाही, पण वलयात त्या दुसऱ्यांना जागा नव्हती. त्याने आपली स्टंट मंडळी बांधली, सांभाळली. विमा कंपन्या ज्यांना दारात उभे करत नसत त्यांच्या औषधपाण्याचा खर्च स्वतः केला. हे मोठेपण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की आपला कारागीर सहसा असाच जगतो, मालकाच्या भलेपणावर. मालक कारागिरांतूनच वर आलेला असला म्हणजे भलेपणा अधिक असतो. हक्क मात्र तेवढाच राहतो.

आणि त्या झाडाचे? ‘आर्मर ऑफ गॉड’चे चित्रीकरण 1986 मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियात चालू होते. झाड फार उंच नव्हते. पहिल्यांदा उडी नीट बसली होती; समाधान झाले नाही म्हणून त्याने पुन्हा घेतली आणि फांदी तुटली. कवटीचे हाड फुटले, शस्त्रक्रिया झाली, एका कानाने कायमचे कमी ऐकू येऊ लागले. बरा होऊन त्याने तो चित्रपट पुरा केला. शेजारच्या चाचांना हे उत्तर द्यायला मला बरीच वर्षे लागली आणि तोवर ते राहिले नव्हते.

1992 च्या ‘पोलीस स्टोरी’च्या तिसऱ्या भागात जॅकी क्वालालंपूरच्या आकाशात हेलिकॉप्टरच्या दोरशिडीला लोंबकळतो. पण त्या चित्रपटात लक्षात राहते ती मिशेल योह. मोटारसायकल भरधाव नेऊन ती धावत्या रेल्वेच्या टपावर उतरते. शेवटच्या अपघातांत तिचेही पडणे आहे. जॅकीच्या सिनेमात एखादी स्त्री पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीने ताळेबंदात आली. अनेक वर्षांनी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ (2022) या चित्रपटाची मुख्य भूमिका आधी जॅकीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली होती. लेखक-दिग्दर्शकांनी ती बदलून स्त्रीची केली, मिशेल योहने केली आणि 2023 मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ‘ड्रंकन मास्टर’मधली ती न शिकलेली आठवी पद्धत अशी फिरून आली, असे म्हणायचा मोह होतो.

हॉलिवूडविषयी थोडक्यात. 1980 पासून दोनदा प्रयत्न फसले. ‘रम्बल इन द ब्राँक्स’ने (1995) दार उघडले. त्यात घोटा मोडल्यावर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून त्याने काम पुरे केले. मग ‘रश अवर’ (1998), ‘शांघाय नून’ (2000), आणि जगभर नाव, पैसा. परंतु त्याच्या कलेला लागणारी दोन गोष्टींची श्रीमंती तेथे नव्हती. एक म्हणजे वेळ. हाँगकाँगमध्ये एका लढतीसाठी तो आठवडे घालवी. दुसरी म्हणजे दूर उभा राहून सबंध देह पाहणारा कॅमेरा. हॉलिवूडचा संकलक ठोसा लागायच्या क्षणी कात्री चालवतो. मग जॅकी असला काय आणि नसला काय. ‘रश अवर’वर तो स्वतःही खूश नव्हता, हे त्याने सांगितले आहे. आपल्या देशातही तो आला. ‘द मिथ’ (2005) चे काही चित्रीकरण हंपीला झाले, मल्लिका शेरावत त्यात होती. चिकट पट्ट्यावरची एक लढत सोडली तर त्यात भारत म्हणजे परदेशी पाहुण्याला दाखवायचा देखावा आहे. ‘कुंग फू योगा’ (2017) बद्दल न बोललेले बरे.

त्यापेक्षा ‘ड्रंकन मास्टर 2’ (1994) बद्दल बोलावे. माझ्या मते हे त्याचे सर्वश्रेष्ठ काम. चाळिशीचा जॅकी पुन्हा तरुण वाँग फेई-हुंग झाला. ब्रिटिश वकील चीनमधील पुरातन वस्तू चोरून बाहेर नेतो आहे आणि त्याच्या हस्तकांच्या पोलाद कारखान्यात मजुरांना मारून-मुटकून जादा तास राबवले जाते आहे. अखेरची लढत त्याच कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी होते. समोर केन लो, ज्याची लाथ डोळ्यांनी टिपता येत नाही. नायक जळत्या निखाऱ्यांवर पडतो आणि हातापायांनी मागे सरकत बाहेर येतो. पडणारे शरीर, राबणारे शरीर आणि साम्राज्याचा अन्याय या तिन्ही गोष्टी त्याच्या कारकिर्दीत एकदाच अशा एका जागी आल्या.

त्यामुळेच पुढचे लिहिताना हात जड होतो. एप्रिल 2009 मध्ये चीनमधील बोआओ येथील परिषदेत जॅकी चॅनने, चिनी माणसाला स्वातंत्र्य असणे चांगले की नाही याची आपल्याला खात्री नाही, आपल्या लोकांना नियंत्रणाची गरज आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. हाँगकाँग आणि तैवानमध्ये संताप उसळला. 2013 पासून काही वर्षे तो चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेचा सदस्य होता. 2021 मध्ये त्याने कम्युनिस्ट पक्षात जाण्याची इच्छा बोलून दाखवली. अमुक लोकांना वेसण हवी, ही भाषा आपल्या कानांना अनोळखी नाही. कोण कोणाविषयी बोलतो त्याप्रमाणे नावे तेवढी बदलतात. सात वर्षांचा असताना ज्याला छडीने वळण लावले गेले त्याने साठीकडे झुकताना सबंध समाजाला छडीची शिफारस करावी, याची संगती लागत नाही असे मात्र नाही. छडी गोड लागू लागली की हे होते. त्याच्या चित्रपटांतील घाबरणारा, पळणारा, सत्तेच्या हातून निसटणारा माणूस त्याच्याहून शहाणा आहे, असे मी म्हणेन. कलावंताची कला त्याच्या मतांपेक्षा मोठी निघाल्याची उदाहरणे साहित्यातही कमी नाहीत. तरी त्यामुळे मते माफ होत नाहीत.

नोव्हेंबर 2016 मध्ये त्याला सन्माननीय ऑस्कर मिळाले. ‘द फॉरिनर’ (2017) मध्ये मुलीच्या मृत्यूने मोडलेल्या म्हाताऱ्याची भूमिका त्याने न हसता केली आणि तो चेहरा न हसताही किती बोलतो ते कळले. 2025 मध्ये ‘कराटे किड : लेजेंड्स’मध्ये तो पुन्हा उस्ताद झाला. पण मला सांगायचे आहे ते ‘राइड ऑन’ (2023) बद्दल. तो एका उतारवयातल्या स्टंटवाल्याची गोष्ट सांगतो. काम नाही, डोक्यावर कर्ज, घोडाही जप्तीत जाईल अशी अवस्था. चित्रपट तसा बाळबोध आहे. घोड्याला पाहून अश्रू काढायची घाई त्यात फार. त्यात एका प्रसंगी बाप आणि दुरावलेली मुलगी जुन्या स्टंटची दृश्ये पाहत बसतात. ती दृश्ये जॅकीच्याच चित्रपटांतली आहेत. घड्याळाचा मनोरा, दिव्यांचा खांब, सारे एकामागून एक. पुढे बसलेला म्हातारा स्वतःला पडताना पाहतो आहे आणि चेहरा आवरत नाही. मी तो प्रसंग घरी नातवाबरोबर पाहिला. मोबाईलवर रोज याहून उंच उड्या पाहणारा तो मुलगा. मनोऱ्यावरून ते शरीर दोन छपरे फाडत खाली आले तेव्हा त्याने मला विचारले, दादा, हे खरेच पडलेत का? मी हो म्हणालो. त्याने ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावले.